चुन्याची निवळी

आठवीत की नववीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला होता. तुमच्यापैकीही बहुतेकांनी तो केला असेल. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, काचेच्या नळीने तिच्यात फुंकर मारायची आणि पाण्यासारखी स्वच्छ निवळी बघता बघता दुधाळ होते. का होते? तर आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो म्हणून. पुढे मी कला शाखेकडे वळलो, मराठी घेऊन बी. ए. झालो, सरकारी कचेरीत चिकटलो. विज्ञानातलं डोक्यात काय उरलं म्हणाल तर एवढंच, फुंकर मारली की निवळी दुधाळ होते.

ही एवढीशी विद्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दुबईत, भाच्याच्या हॉलमध्ये उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. खरं तर उपयोगी पडलीच नाही. जेव्हा आठवायला हवी होती तेव्हा आठवली नाही. त्याचीच ही गोष्ट.

माझी ताई गेली काही वर्षं दुबईला मुलाकडे असते. भावोजी गेले, म्हापशाजवळचं घर तिला एकटीला खायला उठलं आणि भाच्याने तिला नेलं. दर फोनवर तिचं एकच पालुपद, "एकदा येऊन जा रे." शेवटी 2024 च्या मे महिन्यात मुलांना सुट्टी पडल्यावर मी रजा टाकली, परदेशवारीसाठी खात्याची परवानगी मिळवली (त्यावर स्वतंत्र लेख होईल!) आणि आम्ही चौघे दुबईला उतरलो.

करामा भागातला त्यांचा फ्लॅट तसा लहानच. पण हॉलमध्ये शिरलो आणि बॅगा हातातच राहिल्या. एका भिंतीला लागून चार फूट लांबीची, चारशे लिटरची काचेची टाकी. निळसर प्रकाश. आत मासे होते, पण मोजकेच. खरी वस्ती होती प्रवाळांची. प्रवाळ म्हटलं की आपल्यासमोर मंगळाच्या अंगठीतलं पोवळं येतं. ते दूरच्या नात्यातलं. हे जिवंत. कुठे मऊ बोटांसारखे हलणारे, कुठे मेंदूसारख्या वळ्यांचे, आणि मधोमध सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचं, टोकांना जांभळी झाक असलेलं एक मोठं झुडूप. झुडूप म्हटलं, पण ती वनस्पती नव्हे. लाखभर बारीक प्राण्यांची ती एक वाडी. ते पाण्यातला चुना घेतात आणि त्याचं घर बांधत जातात. भाच्याने त्याचं नाव सांगितलं, अक्रोपोरा. नातीच्या जन्माच्या वर्षी त्याने अंगठ्याएवढा तुकडा आणला होता. आता नात पाच वर्षांची आणि झुडूप सोललेल्या नारळाएवढं.

भाचा इंजिनीयर. संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी टाकीपाशी. एका छोट्या कुपीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचा आणि त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचा. सहा, सात, आठ... आठव्या थेंबाला निळं पाणी पिवळं व्हायचं. "आठ," असं म्हणून वहीत लिहायचा. रोज. आमच्या कचेरीतल्या रोकडवहीची आठवण यावी इतक्या शिस्तीने.

मी विचारलं, "हे आठ म्हणजे काय?"

"आल्कलिनिटी, मामा. बांधकामाचं सामान किती शिल्लक आहे त्याचा आकडा."

मग त्याने समजावून सांगितलं, आणि मी ते माझ्या कारकुनी भाषेत उतरवून घेतलं. पीएच (आपल्या पुस्तकात त्याला सामू म्हणत) म्हणजे पाणी या घटकेला किती आम्ल आणि किती अल्क आहे ते. हे माप 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने काढलं. ही प्रयोगशाळा बियरच्या कारखान्याची, हे ऐकून माझा गोंयकार आत्मा सुखावला! समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 च्या आसपास. आल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, मुख्यतः त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे आलेली. समुद्रात ती त्या जर्मन मापाने सुमारे 7. टाकीत 7 ते 11 पर्यंत चालते, पण रोज तीच हवी. म्हणजे पीएच हा गल्ल्यातल्या रोकडीसारखा, तासातासाला वर-खाली होणारा. आल्कलिनिटी ही बँकेतली शिल्लक.

आणि याला जोडखातं आहे, कॅल्शियमचं. समुद्रात लिटरला साधारण 410 ते 420 मिलिग्रॅम. प्रवाळ आपला सांगाडा वाढवतं तेव्हा दोन्ही खात्यांतून एकदम उचल होते, आणि तीही ठरलेल्या प्रमाणात. आल्कलिनिटी 2.8 ने उतरली की कॅल्शियम 20 ने उतरणार. नावे आणि जमा! हे ऐकल्यावर मात्र रसायनशास्त्र आपल्याला अगदीच परकं नाही असं वाटू लागलं.

"मग ही उचल भरून कशी काढतोस?"

"काल्कवासर," भाचा म्हणाला. "जर्मन शब्द आहे. रात्रभर थेंब थेंब पडतं."

टाकीखालच्या कपाटात एक पांढरा ड्रम होता. तळाशी पांढरा गाळ, वर नितळ पाणी, पाण्यावर पापुद्र्यासारखी साय. मी वाकून बघितलं आणि ओरडलोच, "अरे, ही तर चुन्याची निवळी!"

ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी त्याला कधीची सांगते."

आमची आजी पानपेटीतल्या चुन्याची निवळी करायची. मडक्यात चुना, वर पाणी, ढवळून रात्रभर ठेवायचं. सकाळी गाळ न हलवता वरचं पाणी अलगद काढायचं आणि धाकट्यांना दुधातून चमचाभर द्यायचं. हाडं घट्ट होतात म्हणे. माझी किती झाली माहीत नाही, पण प्रवाळाची होतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. युरोपातल्या टाकीवाल्यांनी ही पद्धत 1970 च्या दशकात रूढ केली, आणि त्यात पेटर विल्केन्स यांचं नाव आदराने घेतात. आजीचं कोण घेणार!

आपल्या जुन्या घरांच्या भिंती याच चुन्याच्या. खाडीतल्या तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या भट्टीत भाजायच्या, वर पाणी मारायचं, की फसफसून चुना फुलतो. चवथीच्या आधी तोच भिंतींना लागायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तो पुन्हा शिंपलीसारखा दगड होतो. निवळीवर येणारी साय म्हणजे तेच. समुद्रातल्या प्राण्याने बांधलेलं घर मोडून आपण आपलं घर बांधत होतो, हा विचार मला इतकी वर्षं शिवला नव्हता.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

आम्ही जाऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी भाचा टाकीवरच्या यंत्राकडे बघत म्हणाला, "मामा, तुम्ही आल्यापासून पीएच उतरलाय."

माझी बायको चहा गाळत होती. गाळणी तशीच हातात धरून तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे लिहीत नाही. भाचा ओशाळला आणि घाईघाईने सांगू लागला. बाहेर चाळीस अंशांचं ऊन, खिडक्या कायम बंद, एसी तीच हवा फिरवतो. त्या हवेत चौघे श्वास घेत होते, आता आठजण घेतात. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात उतरतो आणि पाणी थोडं आम्ल होतं. आधी पीएच सकाळी 8.0, संध्याकाळी 8.3 असायचा. रात्री दिवे बंद असले की टाकीतले सगळे जीव श्वास सोडतात म्हणून पहाटे तो सगळ्यात खाली. दिवे लागले की प्रवाळाच्या अंगात राहणारी शेवाळं तो वायू खातात आणि पीएच चढतो. आता तो पहाटे 7.8 वर येत होता. आकडा लहान दिसतो, पण हे माप फसवं आहे. 8.2 चं 7.9 झालं की हायड्रोजन आयन दुप्पट झाले असं समजायचं.

"मग आम्ही काय करायचं? श्वास कमी घ्यायचा?" बायकोने विचारलं.

"नाही गं मामी. जनेल थोडं उघडं ठेवलं तरी पुरे."

जनेल! पस्तिशीतला दुबईकर इंजिनीयर, पण खिडकीला अजून जनेलच म्हणतो. बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात भाच्याला चार दिवस कामासाठी सौदीला जावं लागलं. जाताना त्याने मला टाकी समजावून दिली. ड्रम भरलेला आहे. तळाचा गाळ हलवायचा नाही. निवळी फक्त रात्री, थेंब थेंबच पडणार. पहाटे पीएच कमी दिसेल, घाबरायचं नाही. "बाकी काही करू नकोस, मामा. काही न करणं हेच काम." सत्तावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, असा विनोदही मी केला.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली. हॉलमध्ये गेलो तर यंत्रावरचा आकडा लाल झालेला, 7.74. सगळं घर झोपलेलं. आदल्या रात्री वाळूचं वादळ होतं म्हणून सुनेने जनेल घट्ट लावून घेतलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी सुचलं नाही.

लाल आकडा दिसला की आमच्या हाताला चैन पडत नाही. मी मनाशी हिशेब केला. पीएच उतरलाय, चुन्याने चढतो, तर चुना हवा. कपाटातून चुन्याची पूड काढली. पोह्याच्या चमच्याने शिगोशीग दोन चमचे तांब्याभर पाण्यात कालवले. निवळायला वेळ कुठला! ते पांढरं पाणी तसंच टाकीत ओतलं.

आकडा चढला. 8.0, 8.2, मला हायसं वाटलं. 8.4. मग 8.5. मग 8.7. आणि माझ्या डोळ्यांसमोर चारशे लिटर पाणी दुधाळ होत गेलं. अगदी त्या परीक्षानळीसारखं. तेव्हा मला आमचे सर आठवले.

फोनवर भाच्याचा आवाज झोपेतला होता. मी सांगितलं. तो काही क्षण काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आता आणखी काही ओतू नकोस. जनेल उघडू नका. आज टाकीचे दिवे लावू नका. सगळ्यांना उठव आणि हॉलमध्ये बसव."

"बसवून काय करू?"

"श्वास घ्या, मामा."

आधी आमच्या श्वासाने पीएच उतरला म्हणून तक्रार होती. आता तोच उतरवायला श्वास हवा होता. सातजण हॉलमध्ये बसलो. सुनेने कामावर उशीर होईल म्हणून कळवलं. मुलं पेंगत होती. ताई म्हणाली, बसायचंच आहे तर विष्णुसहस्रनाम म्हणू या, श्वासही जास्त लागेल. म्हटलं. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र चालू होतं. अकराच्या सुमाराला आकडा 8.4 वर आला आणि पाणी हळूहळू निवळलं. तळाच्या वाळूवर पिठासारखा पांढरा थर बसला. त्यातला बराचसा माझ्या चुन्याने पाण्यातून खाली पाडलेला. म्हणजे शिल्लक वाढवायला गेलो आणि खात्यातलं होतं तेही गाळात घालवलं.

माझी चूक नेमकी कुठे झाली ते मला नंतर कळलं. खोलीतल्या वायूने पीएच उतरतो, पण आल्कलिनिटी त्याने बदलत नाही. त्या पहाटे मी कुपीत पाणी घेऊन थेंब मोजले असते तर आठच आले असते. शिल्लक जागेवर होती. मी फक्त गल्ला बघितला. थोडा कमी पीएच प्रवाळ सोसतं. आपल्या कातडीखालच्या पाण्यात ते स्वतःच पीएच चढवून घेतं आणि तिथे सांगाडा घडवतं. बाहेर पीएच कमी असला तर त्याला कष्ट जास्त पडतात, वाढ मंदावते, एवढंच. त्याला सोसत नाही ती तासाभरातली उलथापालथ.

मऊ प्रवाळं दोन दिवसांत पुन्हा फुलली. अक्रोपोरा मात्र मिटून राहिलं. मग त्याची कातडी तळापासून सुटू लागली, ओल्या भिंतीचा रंग सुटावा तशी. खालचा सांगाडा पांढराशुभ्र. चुन्याइतकाच.

नातीने विचारलं, "मामाआजोबा, हे पांढरं का झालं?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं. दुसरं काही सांगता आलं नाही.

भाचा आला. रागावला नाही, पण दोन दिवस फारसं बोललाही नाही. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं. परक्याच्या घरात नुकसान केलं तर पैसे देता येतात. पाच वर्षांची वाढ कशी भरून द्यायची? तिसऱ्या दिवशी त्याने कात्री घेतली, अजून रंग असलेली तीन टोकं कापली आणि गोंदाने, म्हणजे आपण चपलेला लावतो त्याच झटपट गोंदाच्या जाड प्रकाराने, दगडांवर चिकटवली. मला म्हणाला, "मामा, धर." दगड धरताना माझा हात कापत होता. बाकीचा पांढरा सांगाडा त्याने बाजूला काढून ठेवला. स्किमर नावाच्या फेस काढणाऱ्या यंत्राच्या हवेची नळी लांबवून त्याने जनेलातून बाहेर काढली. बाहेरची हवा पाण्याला मिळाली आणि पहाटेचा आकडा पाहुणे घरात असूनही 8.0 वर राहू लागला. इतकं साधं उत्तर होतं.

निघताना नातीने त्या सांगाड्याची एक फांदी कागदात गुंडाळून मला दिली. आठवण म्हणून. ती मला घेता आली नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात 2001 पासून प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. जिवंत काय आणि मेलेलं काय, सरकारी नोकराने ते बॅगेत घालून दाबोळीला उतरायचं म्हणजे पंचाईतच. पाच वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगणं टाकीचं रसायन समजण्यापेक्षा अवघड गेलं.

गोव्यात परतल्यावर मी याविषयी बरंच वाचलं. आपल्या मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ आहे, वर मालवणला आहे, हे ऐकून होतो. पण कधी त्यांच्या पाण्याचा विचार केला नव्हता. कारखानदारी सुरू होण्याआधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच सरासरी 8.2 होता, आता सुमारे 8.1 आहे. एका दशांशाचा फरक, पण आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढली. कारण तेच, बंद खोलीत वाढलेला वायू. फक्त खोली पृथ्वीएवढी आणि जनेल नाही.

2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, वन ट्री बेटापाशी, रिबेका अल्ब्राइट, केन काल्डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाच्यासारखाच उद्योग केला. खऱ्या समुद्रातल्या खऱ्या प्रवाळावरून वाहणाऱ्या पाण्यात अल्क सोडून त्यांनी पीएच जुन्या काळाच्या जवळ नेला. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रवाळाच्या बांधकामाचा वेग सुमारे 7 टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे आजचं पाणी त्याची वाढ रोखून धरतंय, हे तिथे मोजून दिसलं. पण सगळ्या समुद्रात अशी निवळी कोण आणि किती टाकणार? आणि टाकायची झालीच, तर ती रात्रभर थेंब थेंब टाकणारा हवा. लाल आकडा बघून तांब्या उचलणारा माझ्यासारखा नको.

तीन टोकांपैकी दोन गेली. एक जगलं. परवा भाच्याने फोटो पाठवला, ते आता माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं आहे. त्याने नवीन यंत्रही घेतलंय. त्यात प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यांचे तुकडे भरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पीएच साडेसहापर्यंत उतरला की ते तुकडे हळूहळू विरघळतात आणि त्यांचा चुना जिवंत प्रवाळांना मिळतो. मी न घेतलेली ती फांदी त्याने त्यातच घातली म्हणे.

रविवारी फोन येतो तेव्हा आधी नात घेते. हॅलोबिलो काही नाही, सरळ आकडा सांगते. "मामाआजोबा, आज 8.1!"

"आणि आल्कलिनिटी?" मी विचारतो.

मग ती फोन तसाच टाकून बाबाला विचारायला पळते, आणि मी थेंब मोजून होईपर्यंत थांबतो.